स्वस्तातला बॅटरी चार्जर आणि जंप स्टार्ट: नक्की काय घ्यायचं आणि कसं निवडायचं

गाडी वीस-पंचवीस दिवस पार्किंगला उभी राहिली, चावी फिरवली तर सेल्फ घेतच नाही, नुसतं टक टक टक आणि मीटरचे दिवे मंद. आजकाल हे बऱ्याच जणांकडे व्हायला लागलंय, एक तर घरून काम, दुसरं म्हणजे घरात दोन गाड्या आणि रोज चालते त्यातली एकच, आणि वर नवीन गाड्या बंद असतानाही बॅटरी खातच असतात. सेंट्रल लॉक, अलार्म, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर), जीपीएस ट्रॅकर सगळं मिळून ३० मिलीअँपिअर जरी धरलं (आणि हे नॉर्मल आहे, ५० पर्यंत चालतं असं मेकॅनिक सांगतात) तरी दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर गेले, म्हणजे पंचवीस दिवसांत १८. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ एएचची (अँपिअर-अवरची), म्हणजे अर्धी उतरली. त्यात डॅशकॅम थेट बॅटरीला जोडून पार्किंग मोडवर ठेवला असेल आणि त्याला कटऑफ नसेल तर आठवडासुद्धा पुरत नाही.

मग आपण मोबाइल काढतो आणि 'चार्जर विथ जंप स्टार्ट' शोधतो, आणि समोर हजार रुपयांपासून पंधरा हजारांपर्यंत काहीही येतं. माझं मत आधीच सांगून टाकतो, कमी बजेट असेल तर एकाच डब्यात दोन्ही मिळतंय म्हणून भुलू नका. चार्जिंगला थोडा करंट लागतो पण बरेच तास, आणि जंपला, म्हणजे उतरलेल्या बॅटरीला बाहेरून करंट देऊन गाडी चालू करायला, भरमसाट करंट लागतो पण दोन-तीन सेकंदच. ही दोन कामं स्वस्तात एकत्र करायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात. दोन वेगळ्या साध्या वस्तू घेतल्या तर बहुतेक वेळा पैसेही कमी जातात आणि काम नीट होतं. आता कसं ते बघू.

पहिल्यांदा बघा बॅटरी उतरलीय की संपलीय

काही विकत घ्यायच्या आधी तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घ्या, खरं तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी वस्तू हीच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बोनेट उघडून बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर फुल, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव राहिली आणि ११.८ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा खोटा जास्त दिसतो, म्हणून चार-सहा तास तरी थांबायचं.

मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघा. बॅटरी भरलेली असताना सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी दमलेली आहे, चार्जर लावून चार दिवस ढकलाल फार तर. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं पाहिजे, १२ च्या आसपासच घुटमळत असेल तर दोष अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा) किंवा बेल्टचा आहे, बॅटरीला शिव्या देऊन उपयोग नाही. (काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर ईसीयू सांगेल तसा कमी-जास्त होतो, तिथे थोडा वेळ हेडलाइट लावून बघा.)

बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर मी म्हणेन चार्जरचे पैसे नवीन बॅटरीत घाला. आपल्याकडे थंडीपेक्षा उन्हाळा बॅटरी मारतो, नागपूर-अकोल्याकडच्या बॅटऱ्या तर आणखी लवकर जातात. वॉरंटी कार्डही काढून बघा, त्यावर फ्री रिप्लेसमेंट किती महिने आणि प्रो-राटा (वापरलेल्या काळाप्रमाणे काही पैसे भरून बदलून मिळणं) किती महिने हे वेगवेगळं लिहिलेलं असतं, फ्रीवाल्या काळात असाल तर सरळ डीलरकडे जा, तो लोड टेस्ट करून देतो.

मग बघा पार्किंगमध्ये प्लग आहे का

हा प्रश्न कुणी विचारतच नाही आणि चार्जर घेऊन आल्यावर लक्षात येतं की तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडावी लागणार. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत स्टिल्ट पार्किंगला सॉकेट असलं तरी ते कॉमन मीटरवर असतं, सेक्रेटरींना विचारल्याशिवाय लावायचं नाही, आणि विचारलं की मीटिंगमध्ये विषय निघतो. तसा ४ अँपिअरचा चार्जर वीज खातो किती, तर ६० ते ८० वॅट, रात्रभरात एक युनिटही होत नाही, हे सांगून बघा.

प्लग नसेल तर दोन रस्ते. एक, बॅटरी काढून घरात आणायची. ३५ एएचची बॅटरी साधारण नऊ-दहा किलोची असते, १० नंबरचा पाना असला की दहा मिनिटांचं काम. काढताना आधी मायनस, मग प्लस, आणि बसवताना आधी प्लस, मग मायनस. घड्याळ आणि काचांचं ऑटो फंक्शन पुन्हा सेट करावं लागेल, काही गाड्यांत स्टिरिओ कोड मागतो, तेवढं मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. डिझेल एसयूव्हीची बॅटरी मात्र पंधरा-अठरा किलोच्या पुढे जाते, ती जिन्यावरून न्यायची म्हणजे कंबर सांभाळून. दुसरा रस्ता म्हणजे कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडे चार्जिंगला टाकणं. वाईट नाही, फक्त त्याचा जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर स्वतःहून थांबत नाही, एका लाइनीत पाच-सहा बॅटऱ्या जोडलेल्या असतात, त्यामुळे तुमच्या छोट्या बॅटरीकडे लक्ष ठेवायला सांगा.

चार्जर निवडताना

बॅटरीच्या एएचच्या दहा टक्के करंट हा जुना हिशोब अजून चालतो. बॅटरीवर कोड असतो, ३८बी२०एल लिहिलं असेल तर ती आपल्याकडे ३५ एएचची, डीन४४ म्हणजे ४४ एएच. म्हणजे हॅचबॅकला ४ अँपिअरचा चार्जर भरपूर झाला, ६५-८० एएचच्या डिझेल बॅटरीला ६ ते ८ चा घ्या. अर्धी उतरलेली ३५ एएच बॅटरी ४ अँपिअरने साडेचार तासांत भरेल असं गणित सांगतं, पण शेवटी शेवटी बॅटरी करंट कमी घेते, म्हणून सात-आठ तास धरा, रात्री लावा सकाळी काढा. एक अँपिअरवाले स्वस्त चार्जर मिळतात ते बाइकसाठी किंवा भरलेली बॅटरी भरलेली ठेवायला ठीक, त्याने उतरलेली कारची बॅटरी भरायला दीड-दोन दिवस जातील.

स्मार्ट किंवा ऑटोमॅटिक हा शब्द सगळेच छापतात. त्याचा खरा अर्थ एवढाच की आधी ठराविक करंट, मग १४.४ च्या आसपास व्होल्टेज धरून ठेवणं, आणि भरल्यावर १३.५-१३.८ च्या फ्लोटवर उतरणं किंवा बंद होणं. तिसरी पायरी नसलेला चार्जर दोन दिवस विसरलात तर बॅटरीतलं पाणी उकळवून टाकतो. त्यामुळे डब्यावर किंवा माहितीपत्रकात फ्लोट किंवा मेंटेनन्स असा शब्द आणि त्याचं व्होल्टेज दिलंय का ते शोधा, नुसत्या हिरव्या दिव्याच्या फोटोवर जाऊ नका.

गाडीला स्टार्ट-स्टॉप असेल, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी, तर बॅटरी ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे पुन्हा पुन्हा सेल्फ झेलणाऱ्या खास प्रकारची असते. एजीएमला १४.४ ते १४.८ पर्यंत चालतं आणि त्याचा वेगळा मोड असलेला चार्जर बरा. लिथियमचा मोड साध्या बॅटरीला लावायचा नाही. आणि ते 'पल्स रिपेअर' किंवा रिकंडिशन नावाचं बटण, ज्याच्यावर मेलेली बॅटरी जिवंत होते अशी जाहिरात असते, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. काही चार्जर त्या मोडला १५.८ पर्यंत व्होल्टेज चढवतात, बॅटरी गाडीला जोडलेली असताना तर दाबूच नका.

एक अडचण माहीत असू द्या. बरेच स्मार्ट चार्जर पूर्ण बसलेली बॅटरी ओळखतच नाहीत, समोर काही व्होल्टेज दिसलं नाही की ते चालूच होत नाहीत. घेताना किमान किती व्होल्टच्या बॅटरीला चालू होतो ते वाचा. तसं असेल तर दुसरी चांगली बॅटरी केबलने काही मिनिटं समांतर जोडून, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, चार्जर चालू करायचा आणि मग ती दुसरी काढून घ्यायची, हा बॅटरीवाल्यांचा जुना उपाय आहे.

ब्रँडचं म्हणाल तर बॉशचा सी३ हा ३.८ अँपिअरचा आहे, सीटेकचा एमएक्सएस ५.० हा ५ अँपिअरचा, दोन्ही नावाजलेले पण स्वस्त नाहीत. दीड-दोन हजारांतही कामाचे चार्जर मिळतात, फक्त त्यात उलटी जोडणी झाली तर संरक्षण, शॉर्टपासून संरक्षण आणि तीन पिनांचा किंवा डबल इन्सुलेशनवाला प्लग एवढं तरी हवंच. घरच्या इन्व्हर्टरने चार्ज करायचा उद्योग करू नका, तो मोठ्या ट्युब्युलर बॅटरीच्या हिशोबाने दहा-पंधरा अँपिअर ढकलतो, ३५ एएचला ते जास्त होतं.

प्लगवर चालणारा, इंजिन स्टार्टवाला चार्जर

आता मूळ ज्याच्यासाठी लोक शोधतात तो प्रकार, एकच डबा, भिंतीच्या प्लगवर, त्याला चार्जचा खटका आणि ५०, ७५ किंवा १०० अँपिअरचा स्टार्टचा खटका. हे अमेरिका-कॅनडात खूप चालतात कारण तिथे गॅरेज घराला चिकटून, गॅरेजमध्ये प्लग आणि बाहेर शून्याखाली थंडी. बॅटरीवर सीसीए (थंडीत सेल्फला देता येणारा करंट) म्हणून जो आकडा असतो तो उणे १८ डिग्रीला मोजलेला असतो, यावरून कळेल ही गरज कुठली. तिकडे राहणाऱ्यांनी असा चार्जर जरूर घ्यावा. पण तिकडून कुणी येणार असेल तर त्याला आणायला सांगू नका, तो १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० ला लावला तर जळेल.

इथे बंगला असेल, गाडी प्लगच्या शेजारी उभी असेल आणि घरात तीन-चार गाड्या असतील, किंवा छोटं गॅरेज चालवत असाल, तरच हा प्रकार परवडतो. दोन गोष्टी बघा. १०० अँपिअर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १२०० वॅट, वर डब्यातला लॉस, म्हणजे घरातल्या ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला हे जमत नाही, १६ चं पॉवर सॉकेट हवं आणि एक्स्टेन्शन लावलंत तर तीही जाड वायरची. दुसरं, छोट्या पेट्रोल इंजिनलाच सेल्फच्या वेळी १०० ते २०० अँपिअर लागतात आणि डिझेलला त्याहून बरेच जास्त, त्यामुळे हा चार्जर एकट्याने गाडी उठवत नाही, उरलेला करंट त्या उतरलेल्या बॅटरीनेच द्यायचा असतो. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं चार्ज, मग स्टार्टचा खटका, सेल्फ काही सेकंदच मारायचा आणि नंतर डबा गार व्हायला काही मिनिटं सोडायचा. सेकंद किती आणि विश्रांती किती हे त्याच्या लेबलवर असतं, नसेल तर घेऊ नका.

लिथियमचा पोर्टेबल जंप स्टार्टर

हातात मावणारा, पॉवर बँकसारखा, निळ्या प्लगला दोन चिमटे लावायचे. एकट्याने प्रवास करणाऱ्यांना, रात्री-अपरात्री ताम्हिणीत किंवा माळशेजला थांबणाऱ्यांना हाच उपयोगी, कारण दुसरी गाडी शोधावी लागत नाही. साधारण चार ते आठ हजारांत बरे मिळतात. पण यात फसवणूकही सगळ्यात जास्त.

एमएएचचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. २०० अँपिअर, १० व्होल्ट, ३ सेकंद असा हिशोब केला तर ६००० ज्यूल होतात, म्हणजे दीड-पावणेदोन वॅट-अवर. २०००० एमएएच लिहिलेला पॅक ३.७ व्होल्टने ७४ वॅट-अवरचा होतो, म्हणजे ऊर्जा रग्गड आहे, प्रश्न एवढाच की तो २०० अँपिअर देऊ शकतो का. त्यासाठी 'पीक', म्हणजे क्षणभराचा सर्वोच्च आकडा सोडून द्या, पीक २००० वगैरे कुणीही छापतं, 'स्टार्टिंग करंट' असा वेगळा आकडा शोधा. पेट्रोल हॅचबॅकला २०० च्या वर, दोन लिटरच्या आसपासच्या डिझेलला ४०० च्या वर असेल तर बघा. आणि चिमट्यांची वायर बोटाने दाबून बघा, मोबाइलच्या चार्जरसारखी बारीक असेल तर आकडे काहीही असोत.

वजनावरूनही खोटेपणा पकडता येतो. ७४ वॅट-अवरचे नुसते सेलच चारशे ग्रॅमच्या आसपास जातात, त्यामुळे अख्खा डबाच साडेतीनशे ग्रॅमचा असेल तर २०००० एमएएच ही थाप आहे. आतल्या लिथियम सेलसाठी बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) आयएस १६०४६ हे मानक आणि आर- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक डब्यावर दिसतो का तेही बघा. विमानाने नेणार असाल तर १०० वॅट-अवरच्या आतला आणि केबिन बॅगेतच, तरीही एअरलाइनला आधी विचारलेलं बरं.

सगळ्यात मोठी अडचण ऊन. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात बंद गाडीच्या आत साठ डिग्रीच्या पुढे जातं, लिथियम सेलला ते सहन होत नाही, फुगतात. त्यामुळे डॅशबोर्डवर किंवा डिकीत कायमचा ठेवायचा नाही, प्रवासाला निघताना घ्यायचा आणि परत आल्यावर घरात ठेवायचा, दर तीन महिन्यांनी भरायचा. हे जमणार नसेल तर सुपर कपॅसिटरवाले जंप स्टार्टर असतात, त्यात बॅटरीच नसते, गाडीच्या उतरलेल्या बॅटरीतूनच काही मिनिटांत थोडं थोडं ओढून एकदम देतात, उन्हाला टिकतात, पण महाग आणि बॅटरीत अगदीच काही उरलं नसेल तर बाहेरून भरावे लागतात.

केबल, सगळ्यात स्वस्त मार्ग

सोसायटीत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये शेजारी गाड्या असतात, तिथे केबलसारखं स्वस्त काही नाही. पण बाजारात '५०० एएमपी' छापलेल्या ज्या केबल मिळतात त्यात प्लॅस्टिक जाड आणि तार बारीक. तीन मीटरची जोडी म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तांबं, १६ स्क्वेअर एमएमची असेल तर १५० अँपिअरला एक व्होल्ट पडतो, ६ स्क्वेअरची असेल तर अडीचच्या वर, मग सेल्फला उरलं काय. पेट्रोलला १६, डिझेलला २५ स्क्वेअर, आणि शुद्ध तांबं, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको. इलेक्ट्रिकच्या दुकानातून वेल्डिंग केबल आणि चांगले पितळी चिमटे घेऊन बनवून घेतली तरी उत्तम होते.

जोडायचा क्रम असा. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना टेकलेल्या नाहीत. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मग काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा, मग सेल्फ. काढताना बरोबर उलट. बॅटरी फुगलेली किंवा तडा गेलेली असेल तर जंपही नाही आणि चार्जही नाही. तुमची गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, पण तिच्यावरून दुसऱ्याची गाडी उठवायची नाही. आणि धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गिअरवाल्यांनी.

लिथियम पॅकलाही लाल-काळ्याचं हेच भान ठेवा. त्यावर बूस्ट नावाचं बटण असतं, पॅकला बॅटरी ओळखता आली नाही की ते दाबायचं, पण दाबलं की बहुतेक पॅकमध्ये उलट्या जोडणीचं संरक्षण बंद होतं, त्यामुळे प्लस-मायनस दोनदा बघून मगच. पॅकवरून गाडी चालू झाली की अर्ध्या मिनिटात चिमटे काढून टाका.

जंपने चालू झालेली गाडी पाच मिनिटं आयडलवर ठेवून बंद केली की पुन्हा तिथेच. तासभर रस्त्यावर फिरवली तरी खूप उतरलेली बॅटरी पूर्ण भरत नाही, म्हणून म्हणतो की जंपची सोय कुठलीही करा पण चार्जर घरात असू द्या. छोट्या पेट्रोल गाडीला ४ अँपिअरचा चार्जर, १६ स्क्वेअरची केबल आणि मीटर एवढं साधारण तीन-साडेतीन हजारांत बसतं. पॅक नंतर घ्या, गरज वाटली तर.

चार्जर आल्या आल्या

परत करायची मुदत संपायच्या आत एकदा वापरून बघा, डबा तसाच कपाटात ठेवू नका. आधी चिमटे बॅटरीला, प्लस मग मायनस, आणि त्यानंतर प्लगचं बटण. काढताना आधी बटण बंद. स्टार्ट-स्टॉप गाडीत मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो, तिथे काळा चिमटा टर्मिनलवर न लावता बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या उघड्या लोखंडाला लावायचा, नाहीतर गाडीला कळतच नाही बॅटरी भरली ते. तासाभराने मीटरने बघा, व्होल्टेज हळूहळू चढत १४.४ कडे जायला हवं. डबा कोमट होईल, हात लावता येणार नाही इतका तापत असेल तर नको. सकाळी बघा, फ्लोटवर १३.५-१३.८ ला उतरलाय का किंवा बंद झालाय का. बारा तासांनीसुद्धा तो १४.५ लाच अडकून बसला असेल, किंवा हिरवा दिवा लागलाय पण बॅटरी दोन-तीन तास मोकळी ठेवल्यावर १२.४ च्या वर जात नाही, तर दुसऱ्या कुणाच्या चांगल्या बॅटरीवर एकदा लावून खात्री करा आणि तिथेही तेच झालं तर पॅक करून परत पाठवा.